पत्र्याची ट्रंक आणि पत्र्याचे विमान

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





चिटणीससाहेबांनी मला निमंत्रणाचे पत्र पाठवले, त्यात विषय कळवला होता ‘विमान क्षेत्रातील संधी’. या विषयावर बोलायला मला अडचण नव्हती. किती गुण लागतात, परीक्षा कोणत्या, वय किती हवे, सगळे सांगता आले असते. पण ती माहिती आज तुमच्या मुलाच्या खिशातल्या फोनवर पाच मिनिटांत मिळते. त्यासाठी या वयात मला एस.टी.ने इतके लांब बोलावण्याचे कारण नाही. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी विषय थोडा वळवून घेतो. मी तुम्हांला एका जत्रेची हकीकत सांगणार आहे. जत्रा परक्या मुलुखातली आहे, विमानांची आहे. पण ती सांगण्याआधी मला तुम्हांला एका दुकानात न्यावे लागेल.

हे दुकान माझ्या अब्बांचे. खाडीपलीकडच्या बाजारात, मशिदीच्या गल्लीला लागून. अब्बा पत्र्याच्या ट्रंका बनवीत. तुमच्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना आठवत असेल, त्या काळी मुंबईला, आफ्रिकेला, बोटीवर, पुढे कुवेत-दुबईला, गावातून जो कोणी निघे तो ट्रंक घेऊन निघे. झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेले असे. कातर, हातोडी, लाकडी मोगरी, ऐरण आणि कोयंडे-बिजागऱ्यांचा डबा, एवढाच अब्बांचा कारखाना. ट्रंकेचे कोपरे आणि कड्या बसवायच्या त्या रिबिट मारून. आता रिबिट मारायला दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून हातोडी मारायची आणि दुसऱ्याने आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा; तो ठोकळा हलला की रिबिट वाकडी बसते. मोठ्या ट्रंकेत आत बसून ठोकळा धरायला लहान मूल सोयीचे. ते मूल मी होतो. शाळा सुटली की दप्तर बाहेर ठेवायचे आणि ट्रंकेत शिरायचे. आत अंधार, कानठळ्या बसतील असा आवाज, आणि हाताला रिबिटीचा एकेक ठोका कळायचा. अब्बांना बाहेरून दिसत नसे. ते मला विचारीत, “बसली?” मी हाताने चाचपून सांगत असे.

हे मी कौतुकाने सांगतो आहे ते आज. तेव्हा मला त्याची लाज वाटत होती. नववीत असताना शाळेत एक फॉर्म भरून घेतला. त्यात ‘पालकांचा व्यवसाय’ असा रकाना होता. मी लिहिले, ‘व्यापार’. अब्बांना उर्दू वाचता येई, मराठी येत नसे. सही करताना त्यांनी विचारले, “इथे काय लिहिलेस?” मी म्हटले, “पत्र्याचे काम.” ते खूश झाले आणि त्यांनी सही केली.

ही गोष्ट मी पन्नास वर्षे कोणाला सांगितली नव्हती. आज का सांगतो ते पुढे येईल.

पुढे मी तांत्रिक शिक्षण घेतले आणि मुंबईत सांताक्रूझला विमानांच्या हँगरमध्ये लागलो. चौतीस वर्षे तिथे काढली. लोकांना वाटते विमानाच्या नोकरीत माणूस आकाशात असतो. मी जमिनीवरच होतो. माझे काम पत्र्याचे. विमानाच्या अंगावर पोचा आला, तडा गेला, की तो भाग कापायचा, त्या जागी ॲल्युमिनियमचा तुकडा बेतून बसवायचा आणि रिबिटींनी पक्का करायचा. पहिल्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी माझ्या हातात ठोकळा दिला आणि मागून धर म्हणाले. मी धरला. दहा-बारा रिबिटी झाल्यावर त्यांनी मशीन थांबवले आणि विचारले, हे काम पूर्वी कुठे केलेस? मी म्हटले, आय.टी.आय.मध्ये. तेव्हाही खरे सांगितले नाही.

आता जत्रा. निवृत्तीनंतर माझी भाची आणि जावई यांनी आग्रहाने मला अमेरिकेत फ्लोरिडाला बोलावून घेतले. ते टॅम्पा शहरात राहतात. टॅम्पा आणि ऑर्लंडो यांच्या मध्ये लेकलंड नावाचे गाव आहे. नावाप्रमाणेच तळ्यांचे गाव. दर वसंतात, बहुधा एप्रिलमध्ये, तिथल्या विमानतळावर सहा दिवस लहान विमानांचा मेळा भरतो. त्याला ‘सन अँड फन’ म्हणतात. 1974 साली तिथल्या हौशी मंडळींच्या स्थानिक शाखेने आसपासच्या विमानवेड्यांना आठवडाअखेर गोळा करायचे म्हणून हा मेळा काढला. आज त्याला लाखांनी माणसे येतात. मी 2019 च्या एप्रिलमध्ये दोन दिवस गेलो. जावयाला वाटले मामूंना विमानांच्या कसरती दाखवाव्यात. कसरती मी पाहिल्या, धूर सोडत उलटीपालटी होणारी विमाने होती. पण त्यांविषयी मी काही सांगणार नाही. मुलांना त्या आवडतील, फोनवर पाहून घ्याव्यात.

मला गुंतवून ठेवले ते गवतावर उभ्या असलेल्या विमानांनी. या मेळ्याला येणारा माणूस आपले विमान स्वतः उडवीत येतो, गवतावर लावतो आणि पंखाखाली तंबू ठोकून राहतो. पंखाच्या दोरीला टॉवेल वाळत घातलेला, शेजारी स्टोव्हवर कॉफी. ओळीने शेकडो विमाने. आपल्याकडे उरुसाला बैलगाड्या सोडून माणसे गाडीखालीच पथारी टाकत, तसा सगळा थाट. येण्याची रीतही पाहण्यासारखी. एरवी वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात सतत बोलणे चालते. इथे एवढी विमाने एकदम येतात की सगळे बोलू लागले तर कोणालाच काही ऐकू येणार नाही. म्हणून वैमानिकाने गप्प राहायचे. ताशी सुमारे 185 किलोमीटरच्या ठरलेल्या वेगाने एकामागून एक रांगेत यायचे. नियंत्रक खालून विमानाचा रंग बघून सूचना देतो, आणि ज्याला सूचना समजली त्याने उत्तरादाखल फक्त पंख हलवायचे. निळे विमान, पंख हलव, म्हटले की आकाशात निळे विमान डावी-उजवीकडे मान हलवल्यासारखे करते. मी तासभर उन्हात उभा राहून हेच पाहत होतो.

या विमानांपैकी पुष्कळशी कारखान्यात झालेली नव्हती. ती घरी केलेली होती. मोटारीच्या गॅरेजमध्ये, कोठारात, तळघरात. मालकानेच पत्रा कापलेला, त्यानेच रिबिटी मारलेल्या, आणि त्यात बसून तोच शेकडो मैल उडत आलेला. दारापाशी दोन इंची अक्षरांत ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणजे प्रायोगिक अशी पाटी, आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी दुसरी पाटी की हे विमान हौशी माणसाने बनवलेले असून कारखान्यातील विमानांना लागू असलेले सुरक्षेचे नियम त्याला लागू नाहीत. म्हणजे बसणाऱ्याने समजून बसावे.

इथे मी विद्यार्थ्यांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधतो. अमेरिकेच्या कायद्यात अशा विमानाला परवानगी देताना एक अट घातलेली आहे. विमानाचा मोठा भाग, म्हणजे निम्म्याहून जास्त काम, करणाऱ्याने स्वतः केलेले असले पाहिजे, आणि ते त्याने केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेले असले पाहिजे. शिक्षणासाठी, हा शब्द कायद्यातच आहे. मी एका विमानाच्या मालकाला विचारले, हे सिद्ध कसे करता? तो निवृत्त टपाल कर्मचारी होता. त्याने तंबूतून एक जाडजूड वही आणली. प्रत्येक दिवशी किती तास काम केले, काय केले, कोणते भोक चुकले, चुकलेले कसे दुरुस्त केले, सोबत फोटो. अकरा वर्षांची वही. तपासणीस येतो तेव्हा तो विमानाबरोबर ही वहीही बघतो. आणि सगळे पटले की विमान बनवणाऱ्याला एक प्रमाणपत्र मिळू शकते, ज्यामुळे त्या विमानाची वार्षिक तपासणी तो स्वतः करू शकतो. ते त्या एका विमानापुरतेच. शेजाऱ्याच्या विमानाला त्याने हात लावून सही करायची नाही. पदव्या पुष्कळ पाहिल्या, पण माणूस ज्या गोष्टीत खरोखर तयार झाला तेवढ्यापुरतीच दिलेली पदवी मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

या सगळ्या चळवळीच्या मुळाशी पॉल पोबेरेझ्नी नावाचा माणूस आहे. विस्कॉन्सिन राज्यातला. घरची परिस्थिती बेताची, वडील युक्रेनमधून आलेले. पंधरा वर्षांचा असताना, 1936 साली, त्याच्या शाळेतल्या एका शिक्षकाने आपले मोडके ग्लायडर त्याला देऊन टाकले. मुलाने ते दुरुस्त केले आणि त्यावर तो स्वतःच उडायला शिकला. पुढे तो सैन्यात वैमानिक झाला, आणि 1953 साली त्याने घरी विमाने करणाऱ्यांची संघटना काढली. सुरुवातीला संघटनेचे काम त्याच्या घराच्या तळघरातून चाले. 1955 साली त्याने एका मासिकात लेख लिहून दाखवून दिले की आठशे डॉलरच्या आत विमान बनवता येते. लेकलंडचा मेळा याच संघटनेच्या एका शाखेतून निघालेला आहे. तिचा मोठा मेळा 1953 साली मिलवॉकीत सुरू झाला, तो 1970 पासून ऑशकॉश गावी भरतो. शिक्षक मंडळी इथे बसली आहेत. त्या मास्तरांनी ते मोडके ग्लायडर भंगारात घातले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

शिकागोला सेंट रीटा नावाची मुलांची शाळा आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या कार्यशाळेत दुहेरी पंखांचे विमान बांधले आणि ते 1960 साली उडाले. संघटनेनेच त्याचा आराखडा पुरवला होता. हे ऐकून मला वाटले, विमान सोडा, आपल्या शाळेच्या कार्यशाळेत मुलांनी शेवटचे काय बांधले?

आता लेकलंडच्या मांडवांकडे येतो. मेळ्यात हाताने करून बघण्याचे मांडव असतात. एका मांडवात लाकूडकाम, एकात वेल्डिंग, एकात कापड, एकात पत्रा. कापडाच्या मांडवात मी आधी गेलो, कारण विमानाला कापड हे भाचीला खरेच वाटेना. पूर्वी सुती किंवा लिननचे कापड सांगाड्यावर ताणून त्यावर रोगणासारखे लेप देत. आता पॉलिएस्टरचे कापड असते. ते चिकटवून वरून घरातल्यासारखी इस्त्री फिरवतात आणि कापड आवळून ढोलासारखे ताणले जाते. इस्त्रीचे तापमान मात्र मोजून घ्यावे लागते; जास्त झाले तर कापडाचा ताण निघून जातो. कडांना लावायच्या पट्ट्या दातेरी कात्रीने कापतात, धागे निघू नयेत म्हणून. आपल्या शिंपी बांधवांना ही कात्री नवी नाही. आणि कापड पंखाच्या फासळ्यांना शिवायचे असते लांब सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने. प्रत्येक टाक्याला गाठ. ती गाठ कोणती, तर मासेमारीच्या जाळ्याची, थोडी बदललेली. तिचे इंग्रजी नावच जाळ्यावरून आहे. मांडवातल्या बाई ती हळूहळू शिकवत होत्या आणि माणसे गोंधळत होती. माझी भाची दाल्दी मोहल्ल्यात वाढलेली. तिने दोनदा पाहिले आणि तिसऱ्यांदा घातली. बाईंनी विचारले, तुम्ही विमान बांधता का? भाची हसून म्हणाली, नाही, आमचे नाना जाळी विणायचे.

तिने ते सहज सांगितले. मी मात्र तिथेच थबकलो.

पत्र्याच्या मांडवात लहान मुलांची रांग होती. तिथे प्रत्येक मुलाला ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या देऊन त्यांना चार रिबिटी मारायला लावत होते. जरा खोलात जाऊन सांगतो, कारण ही माझी रोजीरोटी आहे. आधी भोक पाडायचे. मग भोकाच्या कडेचा खरखरीतपणा काढायचा. हा कंटाळवाणा भाग आहे आणि नवशिके तो टाळतात. पण पत्र्याला पुढे तडा जातो तो अशाच खरखरीत कडेपासून. मग रिबिट घालायची, एकाने हवेच्या हातोडीने मारायची, दुसऱ्याने मागून ठोकळा धरायचा. मागे जे डोके तयार होते त्याची रुंदी रिबिटीच्या दांड्याच्या दीडपट आणि उंची निम्मी झाली पाहिजे. कमी झाली तर पकड नाही, जास्त चेपली तर तडा. वाईट बसलेली रिबिट ड्रिलने काढून टाकायची आणि पुन्हा मारायची. एका दोन आसनी पत्र्याच्या विमानात अशा रिबिटी दहा हजारांच्या पुढे जातात. शेपटीकडचा भाग निमुळता असतो. तिथे आतून ठोकळा धरायला मोठा माणूस मावत नाही. घरोघरी काय करतात विचारले, तर म्हणे पोराला आत सरकवतात.

मी तिथे उभा आहे हे पाहून मांडवातल्या वृद्ध गृहस्थांनी मला खूण केली. त्यांचा मदतनीस जेवायला गेला होता. ठोकळा धराल का? मी धरला. एक मूल मारी, मी धरी. सात-आठ मुले झाल्यावर ते म्हणाले, तुम्हांला डोळे मिटूनही कळते. कोणी शिकवले?

आता हँगर म्हणायला हरकत नव्हती. चौतीस वर्षांचा दाखला खरा होता. पण माझ्या तोंडून निघाले, माझ्या वडिलांनी. ते काय करीत? मी म्हटले, पत्र्याच्या ट्रंका. त्यांनी मान डोलावली आणि रांगेतल्या मुलांना मोठ्याने सांगितले, ठोकळा कसा धरायचा ते यांच्याकडून शिका, यांच्या घरात हे काम चालत आले आहे. नववीतल्या त्या फॉर्मवर जे मी लिहायला हवे होते ते मी सत्तरीला टेकल्यावर एका परक्या गावात, परक्या भाषेत बोललो. अब्बांना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती.

पालकांनो, आता मी तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या समाजात हाताची कारागिरी भरपूर आहे. गॅरेजवाले, वेल्डर, लेथवाले, शिंपी, सुतार, जाळी विणणारे, बोटींची इंजिने खोलून बसवणारे. आणि आपण सगळे मुलाला काय सांगतो? शिक, म्हणजे तुला हे करावे लागणार नाही. यात माया आहे, मला कळते. ज्याची बोटे पत्र्याने कापली आहेत त्याने मुलाची बोटे वाचवावीत हे साहजिक आहे. पण मुलगा त्यातून काय ऐकतो? की बापाचे काम हे न शिकलेल्याचे काम. मग तो भौतिकशास्त्रात ताण आणि दाब पाठ करतो, घरी बाप तोच ताण हाताने ओळखत असतो, आणि दोघांची कधी गाठ पडत नाही. मुलाचे गणितही कच्चे राहते आणि बापाचा हातही त्याच्याबरोबर जातो.

आपल्या सभांतून अब्बास इब्न फिरनास यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. नवव्या शतकात कॉर्डोबामध्ये त्यांनी अंगाला पिसे आणि पंख लावून उडी घेतली, हवेत काही अंतर गेले, आणि उतरताना त्यांना इजा झाली. जुन्या इतिहासकारांनी कारणही नोंदवले आहे. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, त्यांनी शेपटी केलीच नव्हती. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे. आपण उड्डाण सांगतो आणि शेपटीची गोष्ट गाळतो. मला तीच जास्त मोलाची वाटते. टपाल खात्यातल्या त्या गृहस्थाची वही ही शेपटीचीच वही होती. काय चुकले ते त्यात लिहिलेले होते.

कोणी असे समजू नये की तिकडे सगळे गोडच आहे. हा खर्चाचा शौक आहे. सामानाचा संच आणि इंजिन मिळून आपल्याकडच्या एका घराची किंमत होते. म्हणून पुष्कळ जण चौघांत मिळून एक विमान करतात. आणि धोका आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये घरी केलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की त्यांचे अपघात कारखान्यातल्या लहान विमानांपेक्षा जास्त होतात, आणि त्यातले बरेच पहिल्या काही उड्डाणांत. म्हणून सुरुवातीचे साधारण 25 ते 40 तास ठरलेल्या भागातच, लोकवस्तीपासून दूर उडवून विमान पारखायचे, तोवर त्यात कुटुंबाला बसवायचे नाही, असा दंडक आहे. निसर्गही सोडत नाही. 31 मार्च 2011 रोजी याच लेकलंडच्या मेळ्यावर वादळ आले आणि गवतावर बांधलेली कित्येक विमाने उलटली. वर्षानुवर्षांच्या रविवारांचा दहा मिनिटांत चुरा झाला. तरी मेळा पुढे चालू राहिला.

आपल्याकडे हे होत नाही असेही नाही. मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते 2016 साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि 2017 मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. गच्चीवरून ते खाली उतरवायला क्रेन लागली. शेजाऱ्यांनी काय काय सहन केले असेल ते शेजारीच जाणोत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेकलंड सोडता येत नाही. ज्या विमानतळावर हा मेळा भरतो त्याच आवारात सरकारी माध्यमिक शाळा आहे, विमानविषयक शिक्षणाची. तिथल्या विद्यार्थ्यांचा एक फ्लाइंग क्लब आहे. ती मुले जुनी विमाने उघडतात, दुरुस्त करतात आणि त्यांवरच उडायला शिकतात. मेळ्याला जमणारा पैसा अशा शिक्षणाकडे आणि शिष्यवृत्त्यांकडे वळवला जातो. म्हणजे सहा दिवसांची मजा आणि वर्षभराची शाळा. आपण स्मरणिका काढतो, तीत जाहिराती घेतो आणि त्यातून फी-माफी चालवतो, तसेच हे. एवढेच की त्यांच्या स्मरणिकेला पंख आहेत. शिवाय मूळ संघटनेने 1992 पासून आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना पहिले उड्डाण फुकट घडवण्याचा उपक्रम चालवला आहे. वैमानिक आपले विमान, आपले पेट्रोल आणि आपला वेळ घालतो. आजवर वीस लाखांहून जास्त मुले अशी उडून आली. मी एका मुलीला खाली उतरताना पाहिले, नऊ-दहा वर्षांची. ती काही बोलली नाही, सरळ जाऊन विमानाच्या पंखाला हात लावून आली.

विद्यार्थ्यांना संधींविषयी दोन शब्द सांगतो, नाहीतर चिटणीससाहेब रागावतील. आपल्या देशात सोळाव्या वर्षी शिकाऊ वैमानिकाचा, सतराव्या वर्षी खाजगी आणि अठराव्या वर्षी व्यावसायिक परवाना काढता येतो. खर्च फार आहे. जमीन विकण्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी सरकारमान्य डॉक्टरकडून करून घ्या, फी नंतर भरा. डोळ्यांत किंवा कानांत दोष निघून पैसे बुडालेली घरे मी पाहिली आहेत. विमान दुरुस्तीच्या शिक्षणाला खर्च पुष्कळ कमी आणि हाताला काम लवकर. एन.सी.सी.ची हवाई शाखा जिथे आहे तिथे विमानांच्या प्रतिकृती करायला शिकवतात आणि हलक्या विमानातून उड्डाणही घडते. मुलींनाही हे सगळे खुले आहे. ज्यांच्या घरी आईचे शिलाई मशीन बिघडल्यावर मुलगी ते उघडून बसते, त्या आईला माझी विनंती, तिला स्क्रू मोजून ठेवायला एक वाटी द्या.

आता शेवटची गोष्ट, व्यवहाराची. अब्बांचे दुकान विकले गेले तेव्हा त्यांची हत्यारे मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली होती. अमेरिकेहून परत आल्यावर ती काढली. ऐरण, दोन कातरी, मोगरी, तीन हातोड्या आणि तो ठोकळा. तेल लावून ठेवली आहेत. सकाळी मी आपल्या शाळेच्या मागची खोली पाहिली, जिथे मोडकी बाके रचली आहेत. मुख्याध्यापकांशी बोललो. बाके हलवायचे त्यांनी मान्य केले आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपासून सकाळी दहा ते एक मी तिथे बसेन. सामान म्हणून जुने पत्र्याचे डबे चालतील, ते येताना आणा. पहिल्यांदा आपण छोटी ट्रंक करू. विमानाच्या पंखाचा एक तुकडा कसा होतो ते त्यानंतर. आठवीपासून पुढच्या मुला-मुलींनी पालकांची चिठ्ठी आणावी. चिठ्ठीत पालकाने आपला व्यवसाय स्वतःच्या हाताने लिहावा, ज्या भाषेत लिहिता येईल त्या भाषेत. ज्यांचा धंदा हाताचा आहे त्यांनी मुलाबरोबर स्वतःही यावे. वेल्डिंग मला येत नाही, ते तुम्हांलाच शिकवावे लागेल.

खोलीची किल्ली शिपायांकडे राहील.

खुदा हाफिज.